यमक ओळीच्या शेवटीच असतं असं नाही

'यमक म्हणजे ओळीच्या शेवटी जुळणारी अक्षरं' ही व्याख्या शाळेपुरती ठीक, पण मोठ्या अभंगापाशी ती अडते. तुकोबांचा 'सुंदर तें ध्यान उभें विटेवरी । कर कटावरी ठेवोनियां' घ्या. दोन ओळींत छापला की शेवटी येतात 'विटेवरी' आणि 'ठेवोनियां'. यमक गेलं कुठे? चरण पाडून म्हणा: सुंदर तें ध्यान / उभें विटेवरी / कर कटावरी / ठेवोनियां. अक्षरं ६, ६, ६ आणि ४; यमक दुसऱ्या-तिसऱ्या चरणात. मोठ्या अभंगाची ठेवणच अशी आहे. (शिवाय 'कर कटावरी'तला ककाराचा अनुप्रास आहेच, किती सहज आलाय!) चौथा चरण आखूड आणि यमकातून मोकळा, त्यामुळे म्हणताना तिथे श्वासाला जागा मिळते. भजनाला बसणाऱ्यांना हे न सांगता कळतं.

छोट्या अभंगात मात्र बहुधा ८-८ अक्षरांचे दोनच चरण: 'जे का रंजले गांजले । त्यासी म्हणे जो आपुले'. तिथे वरची व्याख्या चपखल बसते. मुलांना शिकवायचं असेल तर हे दोन्ही अभंग आधी टाळी देत म्हणून घ्या, व्याख्या नंतर सांगा.