सातव्या इनिंगला मुन्योस का नाही? मरिनर्सच्या मोसमाबद्दल माझं मत

पावसाळी_सिअ‍ॅटल

लिहायला मुद्दाम दोन आठवडे थांबले. २० ऑक्टोबरच्या रात्रीच लिहायला बसले असते तर नुसता शिमगा झाला असता. आता २०२५ची वर्ल्ड सीरिज, म्हणजे अमेरिकन बेसबॉलची अंतिम मालिकाही संपली, लॉस एंजेलिसच्या डॉजर्सनी टोरंटोला सातव्या सामन्यात हरवलं, आणि माझं मत आणखी पक्कं झालं. सिअ‍ॅटल मरिनर्सचा हा मोसम पैसा कमी पडला म्हणून गेला नाही, नशिबाने दगा दिला म्हणूनही गेला नाही. तो एका निर्णयाने गेला.

जे बेसबॉल बघत नाहीत त्यांच्यासाठी थोडक्यात. मरिनर्स १९७७ पासून खेळतायत आणि तीस संघांपैकी एकदाही वर्ल्ड सीरिज न खेळलेला हा एकमेव संघ. २००१ साली साखळीत ११६ सामने जिंकले, तरी तिथवर पोचले नाहीत. पुढची वीस वर्षं तर प्लेऑफसुद्धा (साखळीनंतरच्या बाद फेऱ्या) नाही. यंदा ९० विजय आणि २००१ नंतर पहिल्यांदाच गटात पहिला नंबर. कॅल रॅलीचे ६० होमरन (चेंडू थेट कुंपणापार), तेही कॅचर असताना! जो माणूस अख्खा सामना उकिडवा बसून ताशी शंभर मैलांचे चेंडू झेलतो, त्याने हे करावं? एका मोसमात कॅचरचा आधीचा विक्रम ४८चा होता.

प्लेऑफमध्ये डेट्रॉइटविरुद्धचा पाचवा सामना पंधरा इनिंग चालला, एरवी नऊच असतात. पाच तासांना दोन मिनिटं कमी. पोलँकोच्या फटक्यावर जिंकलो तेव्हा माझा आवाज पार बसला होता. म्हणजे संघात दम नव्हता असं कुणी म्हणू नका.

मग टोरंटो ब्लू जेजविरुद्धची मालिका, जिंकेल तो वर्ल्ड सीरिजला; ३-३ अशी बरोबरी, आणि सातवा सामना त्यांच्या घरी. दिवाळीची संध्याकाळ. चार घरची माणसं फराळाला जमलेली, करंज्यांचं ताट टीव्हीपुढे तसंच पडलेलं. नऊ वर्षांची लेक नव्या परकर-पोलक्यावर रॅलीचा २९ नंबरचा टीशर्ट चढवून बसली होती. सातव्या इनिंगला आम्ही ३-१ पुढे. फक्त आठ आऊट हवे होते.

आमचा पिचर (चेंडू टाकणारा) ब्रायन वूने एक वॉक दिला (चार वाईट चेंडू, की फलंदाज फुकट पहिल्या बेसवर), एक फटका बसला, टोरंटोने बंट करून, म्हणजे बॅट नुसती हलकेच लावून, दोघांना पुढे सरकवलं. एक आऊट (इनिंगला तीन लागतात), दुसऱ्या-तिसऱ्या बेसवर माणसं, आणि समोर जॉर्ज स्प्रिंगर. मॅनेजर डॅन विल्सन बाहेर आले आणि त्यांनी एडुआर्ड बझार्डोला बोलावलं. आमचा सर्वात चांगला शेवटचा पिचर, क्लोजर आंद्रेस मुन्योस, बुलपेनमध्येच (राखीव पिचर थांबतात तिथे) राहिला, कारण क्लोजर नवव्या इनिंगला येतो. फार तर आठव्या. स्प्रिंगरने तीन धावांचा होमरन मारला. ४-३. पुढे एकही धाव झाली नाही.

माझं म्हणणं एवढंच: सामना जिथे अडकलाय तिथे तुमचा सर्वात भारी हात लागला पाहिजे. तो क्षण सातव्या इनिंगला आला तर सातव्या इनिंगला.

आकडेमोड

ताई, दुःख समजू शकतो, पण असहमत. निकाल बघून निर्णय चुकीचा ठरवताय. बझार्डो काही ऐरागैरा नव्हता. वर्षभर अशाच अडचणीच्या वेळी त्याने तारलंय, आणि त्याचा सिंकर खाली बुडतो, त्यावर जमिनीलगतचे फटके निघतात. शिवाय मुन्योसला सातव्यात वापरलात तर नववी कोण टाकणार? आठ आऊट एकट्याकडून काढणार होता का?

पावसाळी_सिअ‍ॅटल

आठ नाही, दोन काढायचे होते हो. तेवढे निघाले असते तर उरलेले सहा बाकीच्यांनी वाटून घेतले असते.

आणि सिंकरचं म्हणाल तर तिथेच खरी मेख आहे. सिंकर हवा असतो कधी? पहिल्या बेसवर माणूस असतो तेव्हा. जमिनीवरून चेंडू गेला की एका झटक्यात दोन आऊट मिळतात. इथे पहिला बेस रिकामा होता. सरळ डबल प्ले नव्हताच. उलट जमिनीलगतचा फटका फटीतून गेला असता तर दोन्ही धावा आल्या असत्या. त्या घडीला बॅटला चेंडू लागूच न देणारा माणूस हवा होता, आणि तो आमच्याकडे होता.

डोंबिवलीकर

मी बेसबॉलमध्ये नवशिका, पहाटे उठून बघतो. पहिला बेस रिकामा होता तर स्प्रिंगरला मुद्दाम वॉक का नाही दिला? आणि ताईंचं वाचून मला २०२४चा बार्बाडोसचा फायनल आठवला. दक्षिण आफ्रिकेला ३० चेंडूंत ३० हव्या होत्या. रोहितने बुमराहला शेवटच्या षटकासाठी राखून नाही ठेवलं. सोळावं दिलं, अठरावं दिलं, संपवून टाकलं. शेवटचं षटक हार्दिकने टाकलं आणि आपण सात धावांनी जिंकलो.

पावसाळी_सिअ‍ॅटल

अगदी हेच! मला हे उदाहरण कसं सुचलं नाही.

वॉकबद्दल: स्प्रिंगरला सोडलं असतं तर तिन्ही बेस भरले असते, आणि त्यांना पुढे नेणारी धाव बेसवर फुकट पोचली असती. मागून गुरेरो येणार होताच. तो त्या मालिकेचा मानकरी ठरला. तिथे विल्सनना दोष देणार नाही.

आकडेमोड

रोहितचं उदाहरण इथे लागू पडत नाही. बुमराहची चार षटकं ठरलेली असतात आणि मधे दुसऱ्याला देऊन तो पुन्हा येऊ शकतो. बेसबॉलमध्ये पिचर एकदा बाहेर गेला की त्या सामन्यात परत नाही. म्हणून मॅनेजर हात आखडता घेतो. हा भित्रेपणा नाही, खेळाचा नियमच तसा आहे.

पावसाळी_सिअ‍ॅटल

हा मुद्दा मान्य. फरक मोठा आहे. पण त्याने माझं म्हणणं मोडत नाही. परत येऊ शकत नाही म्हणूनच तो कधी आणायचा हे जास्त मोलाचं. २०१६ला याच टोरंटोच्या मैदानात बाल्टिमोरचे मॅनेजर बक शोवॉल्टरनी त्यांचा क्लोजर झॅक ब्रिटनला राखून ठेवलं होतं. त्या वर्षी ४७ पैकी ४७ सेव्ह केलेला, म्हणजे दर वेळी आघाडी शेवटपर्यंत राखलेला माणूस! अकराव्या इनिंगला एन्कार्नासिओनने दुसऱ्याच पिचरला होमरन मारला, सामना संपला, ब्रिटनचा हात कोरडाच. नऊ वर्षांत आपण काय शिकलो?

लेकशोअरची_मावशी

टोरंटोहून लिहितेय, ब्लू जेजवाली. तुमच्या घरी त्या क्षणी काय झालं असेल ते आम्हाला १ नोव्हेंबरला, वर्ल्ड सीरिजच्या सातव्या सामन्यात कळलं. म्हणून हे चिडवायला लिहीत नाही.

पण तुम्ही सगळं एका चेंडूवर का आणताय? तुम्ही आमच्याकडे येऊन पहिले दोन्ही सामने जिंकलात. मग स्वतःच्या घरी १३-४ आणि ८-२ असे हरलात. सहाव्या सामन्यात तीन चुका केल्यात, आणि बेस भरलेले असताना दोनदा डबल प्लेमध्ये सापडलात. तो सामना जिंकला असतात तर सातवा झालाच नसता. बझार्डो बिचारा नेमका त्या चेंडूला हातात सापडला म्हणून त्याच्या माथी खापर नको. आणि स्प्रिंगरला काही श्रेय द्याल की नाही? पाचव्या सामन्यात वूचाच चेंडू गुडघ्यावर बसून तो बाहेर गेला होता. तरी खेळला.

पावसाळी_सिअ‍ॅटल

मावशी, बझार्डोला मी एका शब्दाने बोलले नाही, बोलणारही नाही. पंधरा इनिंगच्या सामन्यात त्यानेही सांभाळून धरलं होतं. स्प्रिंगर मोठाच खेळाडू.

सहाव्या सामन्याबद्दल तुमचं खरं आहे. तो मी अजून पुन्हा बघितलेला नाही, बघवतच नाही. पण चुका खेळाडूंच्या हातून घाईत होतात, त्या मी माफ करते. विल्सनना विचार करायला वेळ होता.

निळी_टोपी

अहो, पण मूळ दुखणं पैशाचं, त्यावर बोला ना. डॉजर्सच्या ओहतानीचा ७० कोटी डॉलर्सचा करार, डॉजर्स लागोपाठ दुसऱ्यांदा विजेते. मिलवॉकी साखळीत ९७ जिंकून सर्वात पुढे, आणि डॉजर्सनी त्यांना ४-० उडवलं. आयपीएलला लिलावात सगळ्यांना सारखीच थैली, २०२५ला १२० कोटी होती. इथे तशी मर्यादा का नको?

पावसाळी_सिअ‍ॅटल

हवी की नको यावर वेगळा धागा काढा, मी येईन. मालक-खेळाडू करार डिसेंबर २०२६ला संपतोय, तेव्हा यावरून रण पेटणारच आहे. पण त्या संध्याकाळी डॉजर्स समोर नव्हते. मुन्योस आमच्याच पगारपत्रकावर होता.

आणि डॉजर्सकडून घ्यायचंच तर हे घ्या: त्यांचा पिचर यामामोतोने वर्ल्ड सीरिजच्या सहाव्या सामन्यात ९६ चेंडू टाकले. दुसऱ्या दिवशी, एक दिवसही विश्रांती न घेता, सातव्या सामन्यात पुन्हा आला आणि शेवटचे आठ आऊट काढले. त्यांचे मॅनेजर डेव्ह रॉबर्ट्सनी नियमाच्या पोथीत बघितलं असतं तर तो डगआऊटमध्ये टाळ्या वाजवत बसला असता.

लेकशोअरची_मावशी

यामामोतोचं नाव काढलंत म्हणून सांगते. त्याच सामन्यात आमच्या मॅनेजरनी तुमच्या मनासारखंच केलं. नवव्या इनिंगला ४-३ पुढे, आमचा क्लोजर जेफ हॉफमन चेंडू टाकतोय. विजेतेपदाला दोन आऊट कमी. डॉजर्सच्या मिगेल रोहासने होमरन मारून बरोबरी केली. तो काही होमरन मारणारा खेळाडू नव्हे. अकराव्या इनिंगला विल स्मिथने मारला आणि गेलं. सर्वात भरवशाचा माणूस आणूनही हेच होतं. मग सांगा, मुन्योसला स्प्रिंगरने मारला नसता हे कशावरून?

आकडेमोड

मला हेच म्हणायचं होतं.

पावसाळी_सिअ‍ॅटल

मारला असता, कदाचित. ते मी नाकारत नाही.

त्या रात्री पाहुणे गेल्यावर लेकीने टीशर्ट न काढताच अंथरुणात शिरून विचारलं, "आई, मुन्योस दमला होता का?" मी म्हटलं, नाही. "मग दुखत होतं का त्याला काही?" नाही गं. "मग?" मला पुढे उत्तर देता आलं नाही. मुन्योसला होमरन बसला असता तर ती तेवढीच रडली असती. पण हा प्रश्न तिने विचारला नसता.

मावशी, मार्चमध्ये मोसम सुरू झाला की जेज इकडे येतील तेव्हा कळवा. माझ्याकडे तिसऱ्या बेसच्या बाजूची तिकिटं असतात.