उत्तर: पुढच्या रविवारची मंडळाची आपेन्झेल (स्वित्झर्लंड) सहल – एशरहून खाली कसं यायचं?

मंदार, मंगळवार, रात्री 9:50

मंडळी,
सकाळच्या मेलला दोघांचीच उत्तरं. पुन्हा लिहितो. सकाळी सांक्ट गालेनचं ग्रंथालय, मग तांबड्या गाडीने आपेन्झेलवरून वासरआउएन, केबलकारने एबेनआल्प (1640 मीटर), गुहेतून एशर (कड्याला टेकून असलेलं हॉटेल), खाली झेआल्पझे तळं, आणि परतताना आपेन्झेलला लोखर ब्रुअरीची बिअर. अडलंय ते एशरपाशी. तिथून तळ्याकडे सगळ्यांनी चालत उतरायचं की नाही? वर्षाताईंचे आई-बाबा येतायत. केबलकारचं तिकीट एकेरी काढायचं की परतीचं, हे त्यावर ठरेल. उद्यापर्यंत कळवा.
मंदार

वर्षा, मंगळवार, रात्री 10:20

मंदार, आई-बाबांचं नाव पुढे करून विचारतोयस म्हणून लिहिते. बाबा पुण्यात असतात तेव्हा रोज पर्वती चढतात, त्यांचं सोड. आईच्या गुडघ्याचं मात्र खरं आहे. चढ चालतो, उतार नाही. आणि एशरखालची वाट अंगावर येते. पाऊस पडून गेलेला असला की त्या दगडांवर काठीही धरत नाही. पाट्यांची टोकं नुसती पिवळी नाहीत, पांढरी-लाल-पांढरी आहेत, म्हणजे डोंगरवाट. अशा वाटेवर आपल्यातले किती जण कसल्या चपला घालून येतात, ते रिगी डोंगराच्या सहलीत सगळ्यांनी पाहिलंय.
वर्षा

सुहास, बुधवार, सकाळी 6:05

रिगीचा विषय बंद झालाय. पुन्हा उकरू नये.
एबेनआल्प-एशर वाट मी मंडळ सुरू व्हायच्या आधीपासून करतोय. घाबरण्यासारखं काही नाही, फक्त धावायचं नाही आणि फोटोसाठी कठड्याबाहेर जायचं नाही. तिथे माणसं खरोखर पडून गेली आहेत. दुसरं, व्हिल्डकिर्ख्लीच्या गुहेतून सगळे तीरासारखे पुढे निघून जातात. 1904 पासूनच्या उत्खननात तिथे निअँडरथल माणसांची दगडी हत्यारं आणि गुहेतल्या अस्वलांची हाडं निघाली. पुढे 1658 पासून 1853 पर्यंत एकामागून एक बैरागी त्या कड्यावर राहिले. मी तिथे दहा मिनिटं बोलेन. कार्यक्रमात धरा.
सुहास

केतकी, बुधवार, सकाळी 8:40

काका, दहा मिनिटं म्हणजे मागच्या सहलीत मुस्टेअरच्या मठात बोललात ती दहा मिनिटं का? तेव्हा पोस्टाची बस चुकली होती.

केतकी

अनिरुद्ध, बुधवार, दुपारी 12:15

एका दिवसात इतकं कोंबायचं कशाला? ग्रंथालय गाळा. तळं आणि बिअर, बास.
अनि

केतकी, बुधवार, दुपारी 12:50

ग्रंथालय गाळायचं असेल तर माझं नाव खोडा. बुटांवरून नमद्याच्या सपाता चढवून त्या लाकडी जमिनीवर सगळे पाय घासत चालतात, ते तरी बघ एकदा. 1983 पासून तो सगळा मठपरिसर जागतिक वारशाच्या यादीत आहे. आणि तुझ्या बिअरचीच गोष्ट काढायची तर नवव्या शतकातला मठाचा जो आराखडा तिथे जपलाय, त्यात दारू गाळायच्या नव्हे, बिअर बनवायच्या जागा आखल्यात, आणि त्याही तीन: साधूंसाठी वेगळी, बड्या पाहुण्यांसाठी वेगळी, यात्रेकरू आणि गरिबांसाठी वेगळी. मूळ चर्मपत्र तिथल्या प्रदर्शनात काही सेकंदच उघडून दाखवतात, तेव्हा फोनमध्ये डोकं घालून उभा राहू नकोस. शहरातच 1779 ची श्युत्सनगार्टन आहे, स्वित्झर्लंडमधली सगळ्यात जुनी ब्रुअरी. लोखरपर्यंत जायलाच हवं असं कुठे आहे?
केतकी

अनिरुद्ध, बुधवार, दुपारी 1:05

हवं. लोखरची क्वेलफ्रिश बिअर कूपच्या दुकानातही मिळते, प्रश्न तो नाही. लोखरवाले एक बिअर फक्त पौर्णिमेच्या रात्री बनवतात. आपण कोजागरीला दूध आटवतो, ते बिअर लावतात. शिवाय त्यांची सेंटिस व्हिस्की जुन्या बिअरच्या पिंपांत मुरते. धान्याची दारू गाळायला या देशात 1999 पर्यंत बंदी होती, ती उठल्यावर यांनी सुरू केली. चव घ्यायला थोडे पैसे मंडळाच्या खात्यातून निघतील ना? सहलीचा भाग आहे म्हणून विचारतो.
अनि

नीलिमा (खजिनदार), बुधवार, संध्याकाळी 6:30

नाही निघणार. वार्षिक सभेत ठरलंय, इतिवृत्त सगळ्यांकडे आहे. पोहे, चहा, हॉलचं भाडं आणि गणपतीची सजावट. ज्याचा ग्लास त्याचा खिसा. श्रावणाचा मुद्दा मी काढत नाही, तो काढणाऱ्या काढतीलच.
त्यापेक्षा याकडे बघा. दोन गट केले आणि मुलं आजी-आजोबांबरोबर वेगळ्या गाडीने गेली, तर मुलांचं रेल्वेचं ज्युनिअर कार्ड चालणार नाही. ते आई किंवा बाबा बरोबर असतील तरच. आजी-आजोबांबरोबर पाठवायचं असेल तर सोबतच्या मोठ्या माणसाच्या नावाचं वेगळं कार्ड मिळतं, 30 फ्रँक, वर्षभर चालतं. पण ते आधी काढावं लागतं. तपासनीसासमोर उभं राहून "आजी आहे हो ती" म्हणून भागत नाही.
नीलिमा

शुभदा, बुधवार, रात्री 8:10

त्या काढणाऱ्या म्हणजे मीच, माहीत आहे मला. श्रावण पाळणारे पाळतील, न पाळणाऱ्यांना मी कधी हटकलंय? लोखरची बिनदारूची बिअरही येते, आणि आपेन्झेलचं एल्डरच्या फुलांचं फ्लाउडर मुलं आवडीने पितात.
वर्षा, तुझ्या आईबरोबर मी थांबते. तळ्याला कुठूनही गेलं तरी उतार आहेच. वासरआउएनहून चढून गेलं तरी परतताना तोच रस्ता उतरायचा, आणि तो डांबरी असला तरी चांगला तिरका आहे. त्यापेक्षा आम्ही दोघी केबलकारने वर, तिथेच बसून डोंगर बघायचे, केबलकारने खाली आणि सरळ आपेन्झेल गावात. रंगवलेली घरं बघू, लांड्सगेमाइंदेच्या चौकात बसू. लांड्सगेमाइंदे म्हणजे उघड्यावरची सभा, एप्रिलच्या शेवटच्या रविवारी इथला सगळा कँटन (प्रांत) त्या चौकात हात वर करून मतदान करतो. पण बायकांचे हात तिथे पहिल्यांदा वर गेले ते 1991 ला! पुरुषांनी आदल्या वर्षीही नाहीच म्हटलं होतं, सर्वोच्च न्यायालयाने 1990 च्या नोव्हेंबरात भाग पाडलं. तिच्या आईला हे ऐकायला आवडेल, ग्रामपंचायतीत होत्या ना त्या.
दशम्या आणि शेंगदाण्याची चटणी मी आणते. एशरच्या टेबलावर डबे उघडू नका, ते हॉटेल आहे. मागे आपल्याला नीट शब्दांत सांगितलं होतं.
शुभदा

प्रणाली, बुधवार, रात्री 9:00

नमस्कार, मी यादीवर नवीन आहे. बाबागाडी चालेल का? बाळ दहा महिन्यांचं आहे.
प्रणाली

सुहास, बुधवार, रात्री 9:12

मुस्टेअरला बस माझ्यामुळे चुकली नव्हती. निघायच्या आधी अर्धी मंडळी पोस्टकार्डं घेत होती.
सुहास

वर्षा, बुधवार, रात्री 9:30

प्रणाली, गुहेतून आणि एशरच्या पायऱ्यांवरून बाबागाडी जात नाही. पाठीवर बांधायची झोळी असेल तर आण. नाहीतर तुम्ही दोघं वासरआउएनहून थेट तळ्याला जा. चढ आहे, पण गाडी ढकलता येते. परतताना ब्रेक नीट बघून घ्या. माझ्याकडे जुनी झोळी आहे, ओरलिकॉनला येऊन घेऊन जा.
शुभदाकाकू, आई हो म्हणाली. तुम्हाला फोन करेल, आणि मग तासभर ठेवणार नाही.
वर्षा

मंदार, गुरुवार, सकाळी 7:15

तर मग असं:
परतीचं तिकीट फक्त शुभदाकाकू आणि वर्षाताईंच्या आईंचं. बाकीच्यांचं एकेरी, एशरहून चालत. घोट्यापर्यंतचे बूट नसतील त्यांनी काकूंच्या गटात जायचं, हे मी वासरआउएनच्या फलाटावर बघणार आहे. प्रणाली खालून तळ्याला, आम्ही तिथेच भेटू. मुलं आपापल्या आईबाबांबरोबर, म्हणजे कार्डाचा प्रश्न मिटला. ग्रंथालय राहील, पण लवकरच्या गाडीने, कुणाचीही वाट न बघता. सुहासकाका, गुहेत पाच मिनिटं.
बिअर ज्याची त्याने.
मंदार

सुहास, गुरुवार, सकाळी 7:21

सात.

अनिरुद्ध, गुरुवार, सकाळी 9:40

पाऊस असला तर?