गायतोंडे: आकृती कुठे गेली, आणि तो रोलर

रंगखडू
वासुदेव गायतोंडे यांची १९५०-५५ च्या सुमाराची चित्रं आणि १९६० नंतरची चित्रं शेजारी ठेवली, तर चित्रकार दोन वाटतात. आधी बायका, चेहरे, पक्षी. नंतर नुसता रंग. मध्ये काय झालं? दुसरं म्हणजे, तैलरंगात रोलर फिरवून आतून उजेड आल्यासारखा पृष्ठभाग कसा मिळतो? माझा तर चिखल होतो.

पाटीपेन्सिल
त्यांच्या आकृतीला वजन आधीपासूनच नव्हतं. जन्म नागपूरचा, १९२४ चा. घराणं गोव्याचं, वाढ गिरगावच्या चाळीतली, मुंबईच्या जे. जे. कला विद्यालयाची पदविका १९४८ ची. सुरुवातीवर लघुचित्रांचा ठसा आहे: सपाट रंगपट्टे, छायाप्रकाश जवळजवळ नाहीच. त्यात स्विस-जर्मन चित्रकार पॉल क्ले याचा प्रभाव आला. क्लेची रेघ शरीराच्या कडेला बांधलेली नसते, स्वतःच्या वाटेने जाते. अशी रेघ सुटली की आकृतीला धरायला काही उरत नाही.

‘अमेरिकेत जाऊन अमूर्त झाले’ हे अनेकदा ऐकू येतं, ते तारखांशी जुळत नाही. रॉकफेलर शिष्यवृत्तीवर न्यूयॉर्कला गेले १९६४ साली. वळण त्याआधीच घेऊन झालं होतं.

तेलपाणी
चिखलाचं कारण एकच: खालचा थर ओला. दोन ओले रंग रोलरखाली एकमेकांत मिसळणारच.

पहिला थर टर्पेंटाइनने पातळ, तेल जवळपास नाही. रॉ अंबर (मातकट तपकिरी रंग) घ्या, लवकर वाळतो. बोट लावून चिकटेनासा झाला की पुढचा थर. वर जाताना जवसाचं तेल थोडं थोडं वाढवा. उलट केलंत, म्हणजे खाली तेलकट आणि वर रुक्ष, तर वरचा थर आधी कडक होतो आणि भेगा पडतात. अॅलिझरिन (गडद लाल) आणि आयव्हरी ब्लॅक (काळा) खालच्या थरात नकोत, वाळता वाळत नाहीत. पावसाळ्यात तर घाई करूच नका.

रोलर काचेवर इतका फिरवा की रंगाची पातळ, सारखी साय दिसेल. रंग जास्त असला की कडेला रेघा उमटतात. फार कोरडा असला की फक्त कॅनव्हासच्या उंच धाग्यांना लागतो. हा दुसरा दोष कधी कधी हवासाही असतो.

उजेड पांढरा मिसळून येत नाही. वरचा थर पारदर्शक ठेवायचा, ओला असताना सुरीने खरवडायचा आणि खालचा थर डोकावू द्यायचा. गायतोंड्यांच्या चित्रात लावण्याइतकंच काढून घेणंही आहे.

रंगखडू
ते वर्तमानपत्राचे तुकडे वापरत म्हणे, ते कशासाठी?

तेलपाणी
आकार उमटवायला. फाडलेल्या कागदावर रंग घेऊन तो कॅनव्हासवर दाबायचा आणि उचलायचा. फाडलेली कड कापलेल्या कडेसारखी करकरीत येत नाही. वर्तमानपत्राचा कागद तेल शोषतो, म्हणून ठसा कोरडा, खडबडीत येतो. मासिकाचा गुळगुळीत कागद घसरतो आणि ठसा ओलसर राहतो. ताज्या अंकाची शाई रंगात उतरते, जुनी रद्दी घ्या.

पाटीपेन्सिल
एक राहिलं. ‘अमूर्त’ हा शब्द त्यांना स्वतःला पटत नसे, ते ‘नॉन-ऑब्जेक्टिव्ह’, म्हणजे कोणत्याही वस्तूवर न बेतलेलं, म्हणत. अमूर्त म्हटलं की आधी एखादी मूर्त वस्तू होती आणि तिचं सार काढलं, असं होतं. त्यामुळे १९७० नंतरच्या चित्रात क्षितिज, समुद्र शोधत बसू नका. रोलर कुठे थांबला ते बघा.