6174 ऐवजी शून्य का येतंय?

प्रश्न : देवळालीचे गणितज्ञ द. रा. कापरेकर यांचा स्थिरांक 6174 तपासतोय : चार अंकी संख्येचे अंक उतरत्या क्रमाने लावायचे, त्यातून तेच अंक चढत्या क्रमाने लावून वजा करायचे, उत्तरावर पुन्हा तेच करत राहिलं की शेवटी 6174 येतं. 1112 घेतला. अंक उतरत्या क्रमाने 2111, त्यातून 1112 वजा केले, 999 उरले. पुढे 999 वजा 999 म्हणजे शून्य! कुठे चुकलं?

उत्तर १ : पुढचा शून्य गिळलात. 999 नव्हे, 0999 लिहा. आता 9990 − 0999 = 8991, मग 8082, 8532 आणि पाचव्या वजाबाकीला 6174. प्रोग्राम लिहीत असाल तर दर फेरीला चार अंक भरून घ्या, बहुतेकांचं घोडं इथेच अडतं. चारही अंक सारखे असलेली संख्या मात्र चालत नाही.

उत्तर २ : कारणही बघा. अंक मोठ्याकडून लहानाकडे अ, ब, क, ड धरले, तर वजाबाकी नेहमी 999(अ−ड) + 90(ब−क) येते. या दोन फरकांच्या शक्य जोड्या फक्त 54, तेवढ्या हाताने तपासून होतात. 7641 मध्ये फरक 6 आणि 2, म्हणून 5994 + 180 = 6174, पुन्हा तेच अंक. जास्तीत जास्त सात पायऱ्या लागतात. 1004 ला पुऱ्या सात लागतात, करून बघा.

प्रश्नकर्ता : जमलं! पाच अंकांना असाच एक स्थिरांक आहे का?

उत्तर २ : नाही. तिथे चक्रं आहेत, उदा. 53955 → 59994 → 53955. तीन अंकांना 495 आहे.

उत्तर १ : जाता जाता, 6174 = 18 + 18² + 18³. अंकांची बेरीजही 18, आणि तिने भागलं की 343, म्हणजे 7³. स्वतःच्या अंकांच्या बेरजेने पूर्ण भाग जाणाऱ्या संख्यांना ‘हर्षद’ हे नावही कापरेकरांचंच.