मदत हवी आहे: म्हशीच्या दुधात किरणोत्सारी आयोडिन किती उतरतं?

नमस्कार. एमएस्सीच्या प्रकल्पासाठी कोल्हापूर परिसर धरून कागदावरचा हिशेब करतोय: अणुअपघातानंतर आयोडिन-१३१ चाऱ्यावर पडलं, तर लहान मुलांच्या थायरॉईडला किरणोत्साराची किती मात्रा पोहोचेल? १९८६ च्या चेर्नोबिलनंतर मुलांमध्ये थायरॉईडचा कर्करोग वाढला, त्यात दुधाचा वाटा मोठा होता. म्हणून दुधापासूनच सुरुवात केली.

या आयोडिनचं अर्धायुष्य ८ दिवसांचं, म्हणजे दर ८ दिवसांनी ते निम्मं उरतं, ते धरलंय. वयानुसार फरकही घेतलाय. तेवढंच आयोडिन पोटात गेलं तरी वर्षाच्या बाळाच्या थायरॉईडला प्रौढाच्या साधारण ८ पट मात्रा बसते. पिशवीच्या दुधाला घरी पोहोचेपर्यंतचा वेळ दिलाय. कोल्हापुरातल्या गंगावेशीच्या दूध कट्ट्यावर मात्र धार काढली की पेला थेट हातात, तिथे तो वेळ शून्य.

अडलोय ते म्हशीपाशी. रोज पोटात गेलेल्या आयोडिनपैकी किती भाग लिटरभर दुधात उतरतो, हे प्रमाण गाय, शेळी, मेंढीसाठी मिळालं. शेळीचं गायीपेक्षा बरंच जास्त आहे, त्यामुळे गायीचा आकडा म्हशीला डोळे झाकून लावायला मन धजत नाही. शिवाय आपल्याकडे जनावर मोकळ्या कुरणात कमी, गोठ्यात जास्त. जुना कडबा झाकलेला असेल तर प्रश्न नाही, पण उसाचं वाडं (शेंड्याचा हिरवा पाला) उभ्या पिकातून थेट दावणीत येतं.

प्रयोगशाळेत मोजायची सोय नाही, त्यामुळे छापील आकडेच हवेत. म्हशीच्या दुधासाठी हे प्रमाण कुणी मोजलंय का? आणि वाड्यासाठी गवताचेच आकडे धरले तर चालेल का?