क्लॉप नवीन आला तेव्हा टचलाइनवर (मैदानाच्या कडेच्या रेषेवर) काय पाहिलंत? अनुभव लिहा

मंडळी, ८ ऑक्टोबर २०१५ ला युर्गन क्लॉप लिव्हरपूल या इंग्लिश फुटबॉल क्लबचा मॅनेजर (मुख्य प्रशिक्षक) झाला. चारच दिवस आधी, एव्हर्टनशी १-१ बरोबरी झाल्यावर, आधीचे मॅनेजर ब्रेंडन रॉजर्स यांना नारळ मिळाला होता. पहिल्याच पत्रकार परिषदेत क्लॉपने सांगितलं की शंका घेणाऱ्यांना विश्वास ठेवणारे व्हावं लागेल. असं बोलणारे पुष्कळ असतात. मला त्याचं खरं कळलं ते मॅच सुरू झाल्यावर.

१७ ऑक्टोबरला टॉटनहॅमच्या मैदानावर पहिली मॅच, ०-० सुटली. दमून बाहेर आलेला आपला लालाना सरळ क्लॉपच्या मिठीत कोसळला. मॅनेजर खेळाडूच्या पाठीवर थाप मारतात, हे वेगळं होतं. नोव्हेंबरात क्रिस्टल पॅलेसने अ‍ॅनफिल्डवर, म्हणजे लिव्हरपूलच्या घरच्या मैदानावर, ८२ व्या मिनिटाला गोल करून २-१ आघाडी घेतली आणि लोक उठून निघाले. त्या क्षणी फार एकटं वाटलं, असं क्लॉप नंतर उघड बोलला. महिन्याभराने, १३ डिसेंबरला, वेस्ट ब्रॉमविरुद्ध ओरिगीने ९६ व्या मिनिटाला गोल मारून २-२ केलं, तेव्हा हाच माणूस सगळ्या खेळाडूंना हातात हात घालून कोप स्टँडसमोर (लिव्हरपूलचे कट्टर चाहते असतात तिथे) घेऊन गेला. घरच्या मैदानावर बरोबरी, आणि प्रेक्षकांना सलामी! टीव्हीवर, वर्तमानपत्रांत भरपूर टिंगल झाली.

माझं मत आधीच सांगतो. त्याच्या उड्या, आरोळ्या, हवेत मारलेल्या मुठी यांतलं निम्म्याहून जास्त खेळाडूंसाठी नव्हतंच. ते स्टँडमधल्या माणसांसाठी होतं. तुम्हाला तेव्हा काय वाटलं होतं, तेच लिहा. पुढे चषक आले म्हणून मागाहून शहाणपण नको. दुसऱ्या क्लबांच्या चाहत्यांनीही जरूर लिहावं.

ठाण्याहून

नॉर्विचची मॅच! २३ जानेवारी २०१६, आपल्याकडे शनिवारची संध्याकाळ. ३-१ मागे, मग ४-३ पुढे, ९० मिनिटं उलटल्यावर ४-४, आणि ९५ व्या मिनिटाला लालानाचा गोल. सगळे खेळाडू क्लॉपवर कोसळले आणि त्याचा चष्मा फुटला. आमच्याकडे आई दिवाबत्ती करून बाहेर आली होती. तिला फुटबॉलमधलं काही कळत नाही. ती म्हणाली, "अरे, त्या माणसाला आता दिसत नसेल, कुणी तरी हात धरा त्याचा." त्या दिवसापासून लिव्हरपूलची मॅच असली की ती विचारायची, "चष्मेवाला आहे का आज?"

तेव्हा मला निव्वळ आनंद झाला होता. रॉजर्स यांच्या शेवटच्या वर्षभरात आम्ही गोल झाला तरी आधी घड्याळ बघायचो, आता हे कसं घालवतील म्हणून. या माणसाला आमच्याइतकंच लागतं, हे दिसलं आणि बरं वाटलं.

लीड्सहून

वेस्ट ब्रॉमच्या मॅचला मी अ‍ॅनफिल्डवर होतो, म्हणून सविस्तर लिहितो.

टीव्हीवर शेवटची रांग दिसली. त्याआधीचा अर्धा तास दिसला नाही. जुन्या मेन स्टँडच्या मागे नव्या स्टँडचं लोखंड उभं राहत होतं, थंडी मरणाची, आणि १-२ झाल्यावर मैदान असं गप्प झालं की वेस्ट ब्रॉमच्या लोकांची गाणी स्वच्छ ऐकू येत होती. लव्हरनला स्ट्रेचरवरून नेलं, क्लॉप भडकला. पण मी बघत होतो ते वेगळंच. बॉल बाहेर गेला की तो मैदानाकडे पाठ करायचा आणि स्टँडकडे तोंड करून दोन्ही हात खालून वर, खालून वर उचलायचा. उठा, आवाज करा! पहिल्यांदा केलं तेव्हा माझ्या आसपास कुणी हललं नाही. शेजारचे दोघे मफलर गुंडाळून निघायच्या तयारीत होते. तो पुन्हा वळला. मग खालच्या रांगांतून आवाज सुरू झाला आणि वर येत गेला. त्या दोघांनी मफलर सोडले नाहीत, पण गेलेही नाहीत.

ओरिगीचा शॉट बचावपटूला लागून आत गेला तेव्हा मी ओळखदेख नसलेल्या माणसाच्या गळ्यात होतो. नंतर खेळाडू हात धरून उभे राहिले तेव्हा आधी काही सेकंद खरंच गोंधळ होता, टाळ्या कशाला वाजवायच्या हेच उमजेना. बाहेर पडताना एक म्हातारे गृहस्थ मुलाला सांगत होते की हे आभार आपल्यासाठी होते, आपण थांबलो म्हणून. मला ते तिथल्या तिथे पटलं. पॅलेसच्या मॅचला ८२ व्या मिनिटाला जे निघून गेले, त्यांना दिलेलं हे उत्तर होतं, आणि ते त्याने रागावून न देता वाकून दिलं.

नागपूरहून (मँचेस्टर युनायटेडवाला)

बोलावलंत म्हणून स्पष्ट लिहितो. मला ते तेव्हाही अति वाटलं आणि आजही वाटतं. आम्ही आमचे जुने मॅनेजर फर्ग्युसन यांच्यावर वाढलो. ते घड्याळावर टिचकी मारायचे तेवढ्यानेच समोरच्याला घाम फुटायचा. बरोबरीचा सोहळा केला की खेळाडूंना बरोबरी पुरेशी वाटू लागते, असं माझं म्हणणं होतं. ते चुकीचं ठरलं हे इतिहासच सांगतो.

पण हीच आग दुसऱ्या बाजूलाही जाते, ते कुणी लिहीत नाही. एप्रिल २०२३ मध्ये टॉटनहॅमविरुद्ध ४-३ चा गोल झाल्यावर क्लॉप चौथ्या पंचाच्या (टचलाइनवर उभ्या राहणाऱ्या) तोंडासमोर जाऊन ओरडला. त्यात स्वतःचाच स्नायू धरला, ७५,००० पाउंड दंड झाला, टचलाइनवरून बंदीही आली. लहान गावच्या मैदानावर पोरं हेच बघून पंचाच्या अंगावर जातात. स्टँडकडे वळून हात उचलणं वेगळं आणि पंचावर धावून जाणं वेगळं. त्यात गल्लत नको.

कोल्हापूरहून

नागपूरकर भावा, पंचाचं बोललास ते शंभर टक्के खरं. शाहू स्टेडियमवर आम्ही हे रोज बघतोय.

पण आमच्याकडं कोच शांत बसला तर लोक विचारतात, याला तालमीचं (आमच्याकडं टीम तालमींच्याच असतात) काय पडलंय का नाही? पाटाकडील विरुद्ध शिवाजी तरुण मंडळ असली मॅच असली की पेठाच्या पेठा स्टेडियमवर येतात. तिथं गॅलरी पडली की टीम पडते, हे पोराटोरांनाही माहीत आहे. त्यामुळं क्लॉपचा तो वेस्ट ब्रॉमचा व्हिडिओ आमच्या कट्ट्यावर आला तेव्हा कुणीही हसलं नाही. एक जुने खेळाडू एवढंच म्हणाले, "ह्यानं गॅलरी जिंकली, आता टीम जिंकंल."

मुंबईहून

मी शाळेतल्या मुलींना फुटबॉल शिकवते, त्यामुळे थोडं कामाच्या बाजूने.

भरलेल्या स्टेडियममध्ये टचलाइनवरून ओरडलेलं पलीकडच्या विंगरला ऐकूच जात नाही. माझ्या मैदानावर शंभर पालक असले तरी जात नाही. मग ओरडायचं कशाला? क्लॉपच्या खेळात बॉल गेला की जवळच्या दोघा-तिघांनी मागे न पळता त्याच क्षणी झडप घालायची असते. ७० व्या मिनिटानंतर पाय ते करायला नकार देतात. त्या वेळी खेळाडूला सूचना नको असते, ती त्याला पाठ असते. बॉल हिसकावल्यावर पन्नास हजार माणसं गोल झाल्यासारखी ओरडली, तर तो पुढच्या वेळी पुन्हा धावतो. नव्या मॅनेजरला ही दाद प्रेक्षकांनाही शिकवावी लागते. पास चुकला म्हणून हळहळणाऱ्यांना टॅकलवर उठून उभं करायचं. क्लॉप टॅकलवर मुठी आवळायचा, ती ही शिकवणी होती.

पुरावा हवा असेल तर २०२१ बघा. कोविडमुळे स्टँड रिकामे, क्लॉपचा प्रत्येक शब्द टीव्हीवर ऐकू येत होता, म्हणजे खेळाडूंनाही. आणि त्याच जानेवारी ते मार्चमध्ये लिव्हरपूल घरच्या मैदानावर ओळीने सहा मॅच हरलं, क्लबच्या इतिहासात पहिल्यांदा. बचावातले मुख्य खेळाडू जखमी होते, ते कारण मोठंच. पण त्याआधी लीगमध्ये ६८ मॅच ते घरी हरले नव्हते.

डोंबिवलीहून

चेल्सीवाला आहे, आमचा तेव्हाचा नवा मॅनेजर काँते, त्याच्याबद्दल दोन ओळी. ऑगस्ट २०१६, पहिलीच लीग मॅच, वेस्ट हॅमविरुद्ध कोस्टाने ८९ व्या मिनिटाला २-१ केलं आणि काँते थेट प्रेक्षकांत. ऑक्टोबरात युनायटेडला ४-० मारताना त्याने स्टँडला हात करून आवाज वाढवायला सांगितलं, तर मॅच संपल्यावर युनायटेडचे मॅनेजर मोरिन्यो त्याच्या कानाशी लागून नाराजी सांगून गेले. आम्हाला त्याचं काहीच वाटलं नाही. आदल्या मोसमात आम्ही दहावे आलो होतो, मान खाली घालून बसायची सवय लागली होती. तो मोसम आम्ही लीग जिंकून संपवला.

पुण्याहून (धागाकर्ता)

मुंबईकर ताई, टॅकलवरची दाद हा मुद्दा माझ्या लक्षात आला नव्हता, आभार. जुन्या मॅच त्या नजरेने परत बघतोय. १४ एप्रिल २०१६, डॉर्टमुंडविरुद्ध ४-३ ची रात्र घ्या. ३-१ मागे असताना अ‍ॅनफिल्ड गोलची वाट बघत थांबलं नाही, प्रत्येक हिसकावलेल्या बॉलवर उसळत होतं. पाच महिन्यांपूर्वी याच मैदानातून लोक ८२ व्या मिनिटाला उठून गेले होते.

नागपूरकर, चौथ्या पंचाबाबत तुमच्याशी पूर्ण सहमत. त्याचं समर्थन मी कधीच केलं नाही, करणारही नाही.

लीड्सकर, त्या दिवशी अ‍ॅनफिल्डवर असलेले आणखी कुणी मराठी ओळखीचे असतील तर त्यांनाही लिहायला सांगा. आणि क्लॉप आधी डॉर्टमुंड किंवा माइन्झचा मॅनेजर होता त्या काळात जर्मनीत राहून त्याला बघितलेलं इथे कुणी आहे का?