टेसचा जास्त घात कोणी केला, अ‍ॅलेकने की एंजलने?

रानजाई:
काल रात्री दीडला थॉमस हार्डीची 'टेस' कादंबरी संपवली (इंग्रजीतून, दोन महिने लागले, हसू नका) आणि डोकं भणभणतंय. अ‍ॅलेक नालायक आहे हे पहिल्या भेटीतच कळतं, ती नको नको म्हणत असताना तो तिच्या तोंडात स्ट्रॉबेरी भरवतो तिथेच, आणि पुढे जंगलात तर ती झोपलेली असताना बळजबरी करतो. पण तिचा नवरा एंजल? पाद्र्याचा मुलगा असून धर्मावर प्रश्न विचारणारा, सुधारक वगैरे, लग्नाच्या रात्री आधी हाच सांगतो की लंडनमध्ये एका अनोळखी बाईबरोबर ४८ तास काढलेत, ती लगेच माफ करते, मग ती आपलं, अ‍ॅलेकबद्दलचं, सांगते तर म्हणतो मी जिच्यावर प्रेम केलं ती तू नव्हेसच!! मला याचाच राग जास्त येतोय. मीच चुकतेय का?

चहाबाज:
+१. त्याला टेस नकोच होती हो, निसर्गकन्या हवी होती. पहाटे गाईंकडे जाताना तो तिला आर्टेमिस, डिमीटर अशी ग्रीक देवींची नावं देतो आणि ती म्हणते, मला टेस म्हणा. तिथेच सगळं आलं. देव्हाऱ्यात बसवली की तडा गेल्यावर विसर्जन करायला मोकळे! वर ब्राझीलला निघताना तिच्याच मैत्रिणीला, इझला, विचारतो येतेस का म्हणून. कसली तत्त्वं न कसलं काय.

कोपऱ्यातला_वाचक:
थोडा असहमत. एंजलवर तुटून पडताना अ‍ॅलेक अलगद सुटतो, कॉलेजात आमच्या वर्गातही हेच झालं होतं. तो कायम टेसच्या घरात काही उरलं नाही की उगवतो. आधी घोडा मेला म्हणून तिला त्याच्या दारात जावं लागतं, नंतर बाप गेला, घर सुटलं, भावंडं रस्त्यावर आली की हा मदत घेऊन हजर. आणि मधल्या काळात धर्मोपदेशक झालेला असताना तो तिला एका जुन्या दगडी खांबावर हात ठेवून शपथ घ्यायला लावतो, की तू मला मोहात पाडणार नाहीस. तिने! त्याला! नंतर एक मेंढपाळ सांगतो की तो पवित्र क्रॉस वगैरे नाही, तिथे एका गुन्हेगाराचे हाल केले होते.

मावशी_पुणेकर:
रानजाई, चुकत नाहीयेस गं. पण दोघांच्या मागे उभा असलेला समाजही बघ. १८९१ मध्ये ही द ग्राफिक साप्ताहिकात क्रमशः आली तेव्हा एंजल गवळणींना पाणी साचलेल्या रस्त्यावरून उचलून नेतो तेवढंही चालेना, हार्डीला त्याच्या हातात ढकलगाडी द्यावी लागली 😄 आणि जंगलातल्या प्रसंगाऐवजी खोटं लग्न घालावं लागलं. पुस्तक काढताना मग त्याने हट्टाने उपशीर्षक दिलं, 'शुद्ध स्त्री'.

रानजाई:
ढकलगाडी!! मावशी, हे माहीतच नव्हतं. वाचक, शपथेचं पटलं, मी ते पान भराभरा उलटलं होतं. मला मात्र बुटांचा प्रसंग डोक्यातून जात नाही. पंधरा मैल चालून ती सासरी जाते, चिखलाचे बूट कुंपणात लपवून चांगले घालते, आणि एंजलचे भाऊ ते कुणा भटक्याचे समजतात आणि त्यांच्याबरोबरची मर्सी चॅन्ट ते गरिबांना द्यायला घेऊन जाते. सासऱ्यांना न भेटताच ती मागे फिरते. आणि परतीच्या वाटेवर धान्याच्या कोठारात प्रवचन देत कोण उभा, तर अ‍ॅलेक.